शिकायला निघालेले लेकरू कोणत्या कायद्यात बसते?

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समिती,
संसद भवन, नवी दिल्ली

विषय : परदेशी शिकायला जाणारे विद्यार्थी, त्यांच्या व्हिशाची धोरणे आणि संसदेची छाननी

नोकरीसाठी देश सोडून जाणे म्हणजे उत्प्रवास, अशी व्याख्या १९८३ च्या उत्प्रवास अधिनियमात आहे. शिक्षणासाठी देश सोडणारा त्या व्याख्येत बसत नाही. १९२२ च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या जागी हा अधिनियम आला, तेव्हा गवंडी, सुतार, फिटर मोठ्या संख्येने आखाती देशांकडे निघाले होते आणि त्यांना लुबाडणारे दलालही वाढले होते. कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची केली आणि मजुराला सरकारी परवानगीचे संरक्षण दिले. परदेशी शिकायला जाणारे तेव्हा मोजके होते. त्यातले बहुतेक सुखवस्तू घरांतले किंवा शिष्यवृत्तीवर जाणारे असल्याने त्यांच्यासाठी वेगळी तरतूद झाली नाही. आता चित्र पालटले आहे. परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार १ जानेवारी २०२४ रोजी परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाख ३५ हजारांच्या वर होती. कॅनडात सव्वाचार लाखांहून अधिक, अमेरिकेत ३ लाख ३७ हजार, ब्रिटनमध्ये १ लाख ८५ हजार, ऑस्ट्रेलियात १ लाख २२ हजार. ही सगळी मुले १९८३ च्या व्याख्येबाहेर आहेत.

हा फरक एका घरात पाहिला म्हणजे नीट कळतो. बिलोली तालुक्यातल्या एखाद्या घरी थोरला मुलगा दहावीच्या आत शाळा सोडून सेंटरिंगच्या कामाला लागलेला असतो आणि धाकटा नांदेडला किंवा लातूरला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करत असतो. थोरल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे उत्प्रवासाची परवानगी लागते अशी, नोंद असते, कारण तो दहावी पास नाही. तो सौदीला निघाला, तर ती परवानगी घ्यावीच लागते, कारण सौदी हा ती लागणाऱ्या १८ देशांपैकी एक आहे. त्याला पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलेलाच असावा लागतो. एजंटाने घ्यायच्या सेवाशुल्कावर ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. कामाचा करार ई-मायग्रेट या सरकारी प्रणालीवर चढतो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली मुलाचा दहा लाखांचा विमा उतरतो. ही व्यवस्था अपुरी आहे आणि तिच्या फटीतून अनेक मजूर अजूनही फसतात. तरी जाब कोणाला विचारायचा, हे तिथे निदान ठरलेले आहे.

धाकट्याला पुरेसे गुण पडले नाहीत आणि तो जॉर्जियाला, किर्गिझस्तानला किंवा रशियाला एमबीबीएससाठी निघाला, तर यातले काहीच त्याच्या वाट्याला येत नाही. त्याची कन्सल्टन्सी केंद्र सरकारकडे कुठे नोंदलेली असण्याचे बंधन नाही. तिने किती पैसे घ्यावेत याला मर्यादा नाही. ज्या विद्यापीठाचे ऑफर लेटर ती हातात ठेवते, त्याच विद्यापीठाकडून तिला दर विद्यार्थ्यामागे कमिशन मिळते की नाही, हे आईबापांना सांगण्याची सक्तीही नाही. थोरल्याच्या प्रवासात काही हजारांचा व्यवहार असतो आणि त्यावर सरकारची नजर आहे. धाकट्याच्या प्रवासात घरची सगळी पुंजी जाते आणि तो व्यवहार मोकळा सुटलेला आहे. हे उफराटे आहे, आणि ते दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेचाच आहे.

बिलोलीची जागा या प्रश्नात विशेष आहे. तालुक्याच्या कडेने मांजरा वाहते आणि पलीकडे तेलंगणा सुरू होतो. बोधन, मदनूर, निजामाबाद ही इथल्या लोकांची बाजाराची, सोयरिकीची आणि दवाखान्याची गावे आहेत. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू इथे एकाच पारावर बोलल्या जातात. मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ असल्याने विमानतळ, अमेरिकेची वकिलात आणि एजंटांची मोठी कार्यालये यांचा रस्ताही तिकडेच जातो. निजामाबाद, जगित्याल, करीमनगर हे आखातात माणसे पाठवणारे जुने जिल्हे आहेत. तेलंगणा सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये आखातात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश काढला. मांजरेच्या अलीकडच्या तीरावरचा माणूस त्याच एजंटामार्फत, त्याच विमानाने, त्याच कंपनीत गेलेला असला तरी तो आदेश त्याच्या घराला लागू होत नाही. परदेशगमन हा केंद्राचा विषय असताना मृत माणसाच्या घरी काय पोचावे, हे नदीच्या काठावरून ठरते.

संसद या विषयावर बोलत नाही, असे म्हणता येणार नाही. प्रश्नोत्तरांत तो वारंवार येतो. जुलै २०२४ मध्ये लोकसभेतल्या एका प्रश्नाच्या उत्तरातून आधीच्या पाच वर्षांत परदेशांत ६३३ भारतीय विद्यार्थ्यांचा मृत्यू झाल्याचे समोर आले. त्यातले १७२ कॅनडात आणि १०८ अमेरिकेत गेले होते. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेने हद्दपार केलेले १०४ भारतीय तिच्या लष्करी विमानातून अमृतसरला उतरवले गेले. त्यात महाराष्ट्राचे तिघे होते. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्र्यांना राज्यसभेत निवेदन करावे लागले आणि २००९ पासून दरवर्षी किती जण परत पाठवले गेले, तो तक्ता सभागृहापुढे आला. प्रश्न विचारला गेला नसता तर हे आकडे लोकांना कळले नसते. तारांकित प्रश्नाला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. या साध्या साधनांचे मोल बिलोलीसारख्या गावाला फार मोठे आहे, कारण इथून दिल्लीच्या मंत्रालयाला जाब विचारण्याची दुसरी वाट जवळपास नाही.

मात्र उत्तरातला आकडा कुठून येतो, हेही पाहिले पाहिजे. शिक्षणासाठी बाहेर गेलेल्यांची २०२२ ची संख्या साडेसात लाख, २०२३ ची ८ लाख ९२ हजार आणि २०२४ ची ७ लाख ५९ हजार अशी दिली गेली. ती इमिग्रेशन ब्युरोची मोजणी आहे. विमानतळावर प्रवाशाने तोंडी सांगितलेले कारण किंवा त्याने दाखवलेल्या व्हिशाचा प्रकार, यावरून ती होते. २०२४ मध्ये एका वर्षात सव्वा लाखाहून अधिक घट झाली, हे या आकड्यावरून कळते. ती कोणत्या घरांत झाली, किती जणांचे व्हिसे नाकारले गेले, नाकारल्यावर किती जणांची आगाऊ भरलेली फी परत मिळाली, यातले काहीही त्यावरून कळत नाही. बिलोली, देगलूर, उदगीर किंवा अहमदपूर तालुक्यातून कोण गेले, याचाही धागा त्यात नाही. पासपोर्टवर पत्ता असतो, तेव्हा जिल्हावार गोषवारा काढणे अशक्य नसावे. तो मागितला गेला पाहिजे.

घट का झाली, त्याचे उत्तर बाहेरच्या देशांच्या धोरणांत आहे. ती धोरणे कशी ठरतात, हे आपल्या समितीच्या कामाला उपयोगी पडेल. ब्रिटनमध्ये १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याखाली गृहमंत्री नियमांतले बदल एका निवेदनाच्या रूपाने संसदेपुढे ठेवतात. एखाद्या सभागृहाने ४० दिवसांत नापसंती दर्शवली नाही, तर बदल टिकतो. नवा कायदा लागत नाही आणि मतदान बहुधा होतही नाही. मे २०२३ मध्ये जाहीर झालेला आणि १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेला निर्बंध असाच आला. त्याने पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले सोबत नेण्यास बंदी केली. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे काम करू देणारा ग्रॅज्युएट मार्ग २०२१ च्या जुलैत सुरू झाला होता. सरकारला तो आक्रसायचा होता, म्हणून स्थलांतर सल्लागार समितीला त्याचा आढावा घ्यायला सांगण्यात आले. त्या समितीने मे २०२४ मध्ये तो चालू ठेवावा अशी शिफारस केली आणि त्या वेळी तो टिकला. पुढच्या सरकारने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत ती मुदत १८ महिन्यांवर आणण्याचे जाहीर केले. म्हणजे तिथली छाननीही धोरण रोखू शकतेच असे नाही. पण तिथे पुरावा उघड्यावर घेतला जातो. गृहखात्याच्या कामकाजावर लक्ष ठेवणारी हाऊस ऑफ कॉमन्सची समिती मंत्र्याला बोलावते, त्याची साक्ष प्रसारित होते आणि लेखी म्हणणे कोणालाही पाठवता येते. प्रवेश घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी काय वाढून ठेवले आहे, याचा निदान वास त्या कामकाजावरून येतो.

कॅनडातल्या घडामोडी पंजाबच्या मुलांशी संबंधित होत्या, तरी त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. खोटी प्रवेशपत्रे देणाऱ्या एजंटामुळे अनेक पंजाबी विद्यार्थी वर्षानुवर्षे तिथे राहिल्यावर हद्दपारीच्या नोटिशीला सामोरे गेले. जून २०२३ मध्ये हा प्रश्न तिथल्या संसदेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन समितीपुढे गेला. समितीने त्यांची हद्दपारी थांबवण्याची मागणी केली आणि त्याच महिन्यात मंत्र्यांनी प्रामाणिक विद्यार्थ्यांना हाकलले जाणार नाही अशी हमी देऊन प्रकरणे तपासायला कृती दल नेमले. १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्राची खातरजमा थेट कॉलेजकडून करून घेण्याचा नियम आला. फसवणूक भारतात झाली होती, फसवणारा भारतात बसलेला होता आणि फसलेली मुले भारताची होती. तरी बदल ओटावाच्या समितीने घडवला. आपल्या बाजूने तितकेच उघड कामकाज झाले असते, तर हा नियम आधी भारतातल्या एजंटांना लागला असता.

याच्या पाठोपाठ जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. निर्वाहासाठी दाखवायची रक्कम दहा हजार डॉलरवरून २०,६३५ डॉलर झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये झटपट परवाना देणारी योजनाही बंद केली गेली. अमेरिकेने मे २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिशाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबवल्या आणि पुन्हा सुरू करताना अर्जदाराची समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवण्याची अट घातली. प्रवेश ऑगस्टचा आणि मुलाखत जूनमध्ये बंद, अशा पेचात सापडलेल्या घरांत महिनाभर झोप नव्हती. कोणत्या देशाने कोणाला घ्यावे हा त्या देशाचा अधिकार आहे. त्यावर आपल्या संसदेचा हुकूम चालणार नाही. पण बदल झाला की तो आठ दिवसांत मराठीत, जिल्ह्याच्या ठिकाणी, सरकारी अधिकृत शब्दांत पोचवणे हे परराष्ट्र मंत्रालयाचे काम आहे. आज ते काम एजंटांचे व्हॉट्सॲप ग्रुप करतात आणि आपल्या सोयीचे तेवढेच सांगतात.

वैद्यकीय शिक्षणाची कथा नांदेड-लातूरला सर्वांत जवळची आहे. लातूर पॅटर्नने या भागाला गुणांची शिस्त दिली आणि त्याबरोबर प्रत्येक घरात डॉक्टर पाहण्याची आसही दिली. २०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक मुले नीटला बसली. देशात एमबीबीएसच्या जागा एक लाख दहा हजारांच्या आसपास होत्या आणि त्यातल्या खासगी कॉलेजांची फी शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर होती. एकदा, दोनदा रिपीट केल्यावर मुलगा परदेशाकडे वळतो. तिथून परतल्यावर त्याला परदेशी वैद्यकीय पदवीधरांची परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या अनेक सत्रांत तिचा निकाल पाचात एकाच्या आसपास राहिला आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नियम घालून दिले : अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, माध्यम इंग्रजी, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप आणि ज्या देशात शिकले तिथे व्यवसायाची नोंदणी मिळण्याची पात्रता. नियम चांगले आहेत. परंतु एखादे विद्यापीठ त्यात बसते की नाही, याची खात्री विद्यार्थ्यानेच करायची आहे. बारावी पास झालेल्या मुलाने बिश्केकच्या किंवा तिबिलिसीच्या विद्यापीठाचे नियम तपासावेत, ही अपेक्षा न्यायाची नाही. तो एजंटाच्या शब्दावर जातो आणि पाच-सहा वर्षांनी त्याला कळते की त्या शब्दाला कागदाचा आधार नव्हता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर युद्ध आले तेव्हा ऑपरेशन गंगा राबवून सरकारने मुले परत आणली. त्या दिवसांत सुमारे २२,५०० भारतीय परतले. ते काम मोठे होते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण मुले घरी पोचल्यावर खरा प्रश्न सुरू झाला. अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे काय? याच स्थायी समितीने त्या वर्षी या मुलांना एक वेळची बाब म्हणून भारतीय कॉलेजांत सामावून घ्यावे असा आग्रह धरला. आरोग्य मंत्रालयाने कायद्यात तशी तरतूद नसल्याचे सांगितले. शेवटच्या टप्प्यावरच्या मुलांना परीक्षेची संधी मिळायला मार्च २०२३ उजाडला आणि तीही सर्वोच्च न्यायालयातून मिळाली. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. सरकारने तिच्यावर काय केले, याचा कृती-अहवाल मात्र मागवला जातो आणि समिती त्यावर पुन्हा बोलू शकते. त्या टप्प्यावर आवाज वाढवण्याची गरज होती.

समितीचा आवाज का वाढला नाही, याचे कारण व्यक्तींपेक्षा रचनेत आहे. खात्याशी निगडित स्थायी समित्यांची पद्धत १९९३ मध्ये सुरू झाली. आज अशा २४ समित्या आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. त्यांची वाटणी मंत्रालयांप्रमाणे झालेली आहे. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचा प्रवास मात्र मंत्रालयांप्रमाणे होत नाही. पासपोर्ट परराष्ट्र मंत्रालयाचा, विमानतळावरचा शिक्का गृहखात्याचा, पदवीची समकक्षता शिक्षण खात्याची, डॉक्टरकीची परीक्षा आरोग्य खात्याची, शिष्यवृत्ती सामाजिक न्याय खात्याची आणि कर्ज अर्थखात्याच्या बँकेचे. एका लेकराचे सहा तुकडे सहा समित्यांत वाटले गेले आहेत आणि प्रत्येक समितीला आपल्या तुकड्यापुरते उत्तर मिळते. गृह, शिक्षण आणि आरोग्याच्या समित्या तर राज्यसभेच्या सभापतींच्या अखत्यारीत चालतात, बाकीच्या तीन लोकसभेच्या अध्यक्षांच्या. एका टेबलाभोवती सहाही सचिव बसले आहेत आणि त्यांना एकाच विद्यार्थ्याबद्दल विचारले जात आहे, असा प्रसंग घडवून आणता येईल. परराष्ट्र व्यवहार समितीने त्यात पुढाकार घ्यावा, ही या पत्रातली मुख्य विनंती आहे.

शिष्यवृत्तीचा तुकडा पाहिला तर ही गरज आणखी पटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० मध्ये त्यांनी तो पुन्हा धरला. पैसा वेळेवर न पोचणे म्हणजे काय, हे त्यांच्या चरित्रातच लिहिलेले आहे. आज अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वर्षाला १२५. जुलै २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रे दिली गेली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळेल असे कळवण्यात आले. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात. व्हिशाच्या अर्जाला पैशाचा पुरावा लागतो आणि शिष्यवृत्तीचे पत्र हाच या मुलांचा पैशाचा पुरावा असतो. पत्र उशिरा म्हणजे व्हिसा उशिरा, आणि व्हिसा उशिरा म्हणजे प्रवेश गेला. सामाजिक न्याय खात्याच्या हिशेबात ही निधीची अडचण ठरते. त्या साखळीत एक वर्ष कोणाचे बुडाले, हे त्या हिशेबात उमटत नाही.

कर्जाचा तुकडा शेतकऱ्याच्या अंगावर येतो. बँकांच्या ठरलेल्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. त्यापुढे मागितले जाते. बिलोलीच्या माणसाकडे असते ती शेतजमीन. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्या कायद्याच्या वसुलीतून वगळलेली आहे. शेतकऱ्याला वाचवण्यासाठीच ही तरतूद झाली. तिचा दुसरा परिणाम असा की बँक शैक्षणिक कर्जासाठी सातबारा तारण घ्यायला सहसा राजी नसते. शहरात फ्लॅट असलेल्याचे कर्ज मंजूर होते. पाच एकर काळी जमीन असलेला सावकाराकडे जातो, चढ्या व्याजाच्या खासगी वित्तसंस्थेकडे जातो किंवा एकराचा तुकडा विकतो. ब्रिटनच्या नियमाप्रमाणे निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस पडून असावी लागते. तेवढ्या दिवसांपुरता पैसा जुळवून खात्यात शिल्लक दाखवण्यासाठीही व्याज मोजावे लागते. व्हिसा नाकारला गेला तर ते व्याज, एजंटाची फी आणि अर्जाची फी, सगळे पाण्यात. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी हा फटका घर उठवतो.

बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कायदा नाही; भारतात येणाऱ्या परकीयांचा कायदा मात्र नवा आणि कडक आहे. इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा मार्च २०२५ मध्ये लोकसभेत मांडला गेला. २७ मार्चला तिथे आणि २ एप्रिलला राज्यसभेत तो मंजूर झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० च्या चार कायद्यांची जागा त्याने घेतली. शंभर वर्षांच्या चार कायद्यांची फेररचना करणारे विधेयक समितीकडे पाठवावे अशी विरोधी सदस्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. मांडल्यापासून मंजुरीपर्यंत जेमतेम तीन आठवडे लागले. याच्या उलट २०१६ चे नागरिकत्व दुरुस्ती विधेयक संयुक्त समितीकडे गेले होते आणि तिच्या जानेवारी २०१९ च्या अहवालामुळेच धार्मिक छळाच्या कारणावरून दीर्घकालीन व्हिसा मिळालेल्या ३१,३१३ लोकांचा ठोस आकडा देशाला कळला. त्या विधेयकाबद्दल कोणाचे मत काहीही असो, समितीत गेल्याने माहिती बाहेर आली हे नाकारता येत नाही.

नव्या कायद्याने आपल्याकडे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देणे प्रत्येक शिक्षणसंस्थेवर बंधनकारक केले आहे. आपला विद्यार्थी बाहेर पडताना मात्र त्याची नोंद कुठेही सक्तीची नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या मदद पोर्टलवर नाव नोंदवणे ऐच्छिक आहे आणि खेड्यातल्या पुष्कळ घरांना ते ठाऊकच नसते. परका आला तर त्याची नोंद हवी, आपले लेकरू गेले तर नको, हे बरोबर नाही.

भारतात आश्रय मागणाऱ्या परकीयांच्या बाबतीत तर छाननी करायला कायदाच नाही. भारत १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील नाही. २०१५ मध्ये शशी थरूर यांनी आश्रयाविषयीचे खासगी विधेयक मांडले, ते पुढे सरकले नाही. त्यामुळे प्रत्येक समूहाचे भवितव्य सरकारी आदेशांवर अवलंबून राहते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. तिथल्या लोकांच्या हक्कांचा आधार धोरण आणि आदेश हाच आहे. मराठवाड्याला हा विषय परका वाटू नये. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने या भागातली कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडातल्या उमरखेडसारख्या छावण्यांत गेली होती. त्या काळी पलीकडच्या गावाने दार उघडले म्हणून माणसे वाचली. तो आश्रय शेजाऱ्यांच्या दयेवर मिळाला, आणि पुढच्या माणसाला तो कायद्याने मिळावा की नाही, हे संसदेने मोकळेपणाने एकदा तरी चर्चेला घ्यायला हवे.

उत्प्रवासाच्या नव्या कायद्याची संधी सध्या समोर आहे. जानेवारी २०१९ मध्ये मंत्रालयाने लोकांपुढे ठेवलेल्या मसुद्यात परदेशी शिकायला जाणाऱ्यांची नोंद आणि विद्यार्थ्यांना प्रवेश मिळवून देणाऱ्या एजन्सींची नोंदणी व मानांकन, या दोन्ही गोष्टी होत्या. मसुदा कायदा झाला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये परदेश गतिशीलता व कल्याण या नावाने नवा मसुदा सूचनांसाठी खुला झाला. त्याचा गाभा परदेशातला रोजगार हाच आहे. या समितीने एप्रिल २०२५ मध्ये परदेशस्थ भारतीयांवरच्या अहवालात नव्या कायद्याच्या रेंगाळण्याचा प्रश्न घेतलाच आहे. त्याला जोडून २०१९ च्या मसुद्यातला विद्यार्थ्यांचा भाग परत आणण्याचा आग्रह समितीने धरावा. पंजाबने २०१२ मध्ये प्रवासी व व्हिसा एजंटांना परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. त्याच्या अनुभवात काय साधले आणि कुठे गळती राहिली, हे समितीने तपासून घ्यावे, म्हणजे केंद्राचा कायदा त्या चुका टाळील. कमिशन उघड करणे, फीची पावती, व्हिसा नाकारल्यास परताव्याची मुदत आणि फसवणुकीला जरब बसेल असा दंड, एवढे तरी त्यात हवेच. १९८३ च्या कायद्यात बेकायदा भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड मात्र दोन हजार रुपयांपर्यंत आहे. आजच्या एजंटाला तेवढी रक्कम एका मुलाच्या फाइलच्या खर्चातही सापडणार नाही.

कामकाजाच्या पद्धतीबद्दल दोन गोष्टी उरतात. समित्या जाहिरात देऊन लोकांकडून निवेदने मागवतात, पण ती बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत. सभागृहात सदस्याला मराठीत बोलता येते आणि त्याचा अनुवाद होतो. मग सगरोळीच्या किंवा कुंडलवाडीच्या बापाने मराठीत लिहिलेले निवेदन समितीने का घेऊ नये? दुसरी गोष्ट अभ्यासदौऱ्यांची. समित्या देशभर दौरे करतात आणि साक्षी घेतात. या विषयावरची एक बैठक नांदेडला आणि एक लातूरला ठेवावी, शिकवणी वर्गांच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. तिथे परत आलेली मुले, व्हिसा नाकारलेली मुले, जमीन विकलेले आईबाप, बँकेचे शाखाधिकारी आणि कन्सल्टन्सीवाले या सर्वांना एकाच दिवशी बोलवावे. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, याची जाणीव आहे. त्या दिवसाचा साक्षीपुरावा निदान अहवालाच्या परिशिष्टात, मराठी प्रतीसह छापला जावा.

बिलोली, जि. नांदेड